आंघोळ केलेल्या पावलांचे डाग

बंगल्यावर मुक्कामाला आलेल्या बाईंनी उशीचा अभ्रा माझ्यासमोर धरला. पांढऱ्या कापडावर मधोमध एक करडा डाग होता, कडेने थोडा जांभळट.

“हे असलं रात्रभर डोक्याखाली घेऊन झोपले मी,” त्या म्हणाल्या.

तो अभ्रा आदल्या दुपारी मी स्वतः घातला होता. तेव्हा तो स्वच्छ होता, याची मी शपथ घ्यायला तयार होते. दुपारी स्वच्छ आणि सकाळी डागलेला, म्हणजे मधल्या वेळात जे डोकं त्यावर होतं त्याचाच काहीतरी संबंध असणार. असा साधा हिशोब करून मी विचारलं, “मॅडम, तुम्ही केसांना डाय लावता का?”

त्यांचे केस कानशिलांपाशी चांगले पांढरे होते. हे मला प्रश्न विचारून झाल्यावर दिसलं.

त्यांनी सरळ बॅग उचलली, गाडीत बसल्या आणि घाट उतरायच्या आत त्यांनी इंटरनेटवर आमच्याबद्दल जे लिहायचं ते लिहून टाकलं. ‘अस्वच्छ चादरी आणि आगाऊ मॅनेजर’ असं त्याचं शीर्षक होतं.

आगाऊ हा शब्द मला फारसा लागला नाही. तो घरी रोजचाच आहे. अस्वच्छ मात्र लागला. नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. लिनन रूम म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल, ऑपरेशनचे गाऊन, सगळ्या कापडांचा कारभार. रक्त, आयोडिन, हळद, कॉफी, मलमं, जगातले बहुतेक डाग माझ्या हाताखालून गेलेत. वॉर्डातून गाठोडं आलं की मी डाग बघून पेशंटने काय खाल्लं ते सांगायचे. सिस्टर लोक हसायच्या, पण विचारायलाही यायच्या. आणि या डागापुढे मी शाळेतल्या पोरीसारखी बघत उभी होते.

रिटायर झाल्यावर मी राजूरच्या पुढे, धरणाच्या वाटेवरच्या एका बंगल्याची मॅनेजर झाले. मालक बोरुडे सर, नगरच्या एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप आहे. बंगला त्यांनी स्वतःसाठी बांधला, मग बाराही महिने रिकामा राहायला लागला म्हणून पाहुण्यांना द्यायला काढला. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पुणे-नाशिकचे लोक येतात. सकाळी एक कुटुंब निघतं, दुपारी दुसरं येतं. मधल्या वेळात सगळ्या खोल्या झाडायच्या, बाथरूम धुवायच्या आणि पलंग नव्याने लावायचे. हे जमायचं तर चादरींचं गणित पक्कं हवं. लिनन रूममध्ये त्याला ‘पार’ म्हणतात. एका पलंगामागे तीन संच: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. एक संच जरी बाद झाला तरी पुढच्या पाहुण्यापर्यंत जीव टांगणीला लागतो.

धुणं गावात चांगुणाबाईकडे होतं. चांगुणाबाई आणि तिचा नवरा लहानू. झऱ्याचं पाणी अडवून गावाने एक टाकी बांधली आहे, तिथे ती दोघं चादरी धूत आणि वाळवून, घडी करून बंगल्यावर आणून देत. मशीनपेक्षा साफ धुणं. एरवी ती दोघं दिवाळी झाली की नारायणगावच्या बाजूला मजुरीला जात, घराला कुलूप लावून. बंगल्याचं धुणं मिळालं त्या वर्षी पहिल्यांदा गेली नाहीत. हे तिने मला आल्या आल्या सांगितलं होतं आणि नंतरही अधूनमधून सांगत असे, न विचारता.

डायचं प्रकरण झालं आणि दोन-तीन दिवसांत दुसरं निघालं. नाशिकचं एक कुटुंब होतं, बरोबर चारेक वर्षांची मुलगी. ते गेल्यावर मी पलंगावरची चादर ओढली आणि थांबले. चादरीवर बारकी बारकी करडी पावलं उमटली होती. पाचही बोटं स्पष्ट. पोर पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गेली होती, ते चित्र काढल्यासारखं दिसत होतं.

चिखल असणार. पण उन्हाळ्यात चिखल कुठला? आणि चिखल नखाने खरवडला की निघतो, हा निघेना. मी पोरीच्या आईला फोन लावला. या वेळी सांभाळून बोलले.

“ताई, काल छोकरी बाहेर मातीत खेळली का हो?”

“मातीत? नाही. मी तिला आंघोळ घालून बाथरूममधून बाहेर काढलं, तर टॉवेल सोडून पळाली ती थेट पलंगावर. का, काही झालं का?”

“काही नाही, सहज.”

फोन ठेवला आणि मी खरंच खुर्चीत बसले. त्या घरात त्या क्षणी सगळ्यात स्वच्छ काय असेल तर त्या पोरीचे तळपाय. आणि डाग पडला तो त्यांचाच. एवढ्या वर्षांत मळक्या माणसाचे डाग पुष्कळ बघितले, आंघोळ केलेल्या माणसाचा पहिल्यांदाच बघत होते. सांगायला हरकत नाही, मला राग यायला हवा होता, पण मला मजा वाटायला लागली होती.

ती मजा बोरुडे सरांच्या फोनने उतरवली.

“साळवेबाई, तो रिव्ह्यू वाचला मी. आपण संगमनेरच्या लॉन्ड्रीला देऊ सगळं. गाडी येऊन घेऊन जाईल, पॅक करून आणून देईल.”

“सर, धुण्यात दोष नाहीये.”

“मग कशात आहे?”

“ते बघतेय.”

“बघा. या शनिवारी पुण्याच्या कंपनीचे परचेस मॅनेजर येतायत, घरच्यांना घेऊन. त्यांच्या ऑर्डरवर माझं अर्धं शॉप चालतं. शनिवारी एक जरी डाग निघाला तर सोमवारपासून संगमनेर. मला कारण नकोय, मला शनिवार हवाय.”

मशीनवाल्या माणसाचं बोलणं असंच असतं, नटबोल्टासारखं. फिरवायला जागा नसते.

मी डागलेल्या चादरींवर हात चालवायला घेतला. आधी साबण, काही नाही. मग ब्लीच. ब्लीच टाकल्यावर करडा रंग गेला खरा, पण त्याच जागी तांबूस-पिवळा डाग उठला, आणि तो करड्यापेक्षा घाण दिसत होता. डागाने रंग बदलला म्हणजे तो साधा मळ नव्हे, एवढं कळलं. पुढचं कळेना.

तेव्हा मी हॉस्पिटलात करायचे तेच केलं. चादर जिथे जिथे जाते, तिथे तिथे तिच्या मागे गेले. लहानूच्या मोटरसायकलवर, मागे गाठोडं आणि त्याच्या मागे मी, अशी वरात गावात गेली.

चांगुणाबाई टाकीवर होती. मी काही न बोलता दगडावर बसून बघत राहिले. चादरी सोड्यात भिजत होत्या, मग आपटून, मग तीनदा स्वच्छ पाण्यात. नीळसुद्धा मापात. नाव ठेवायला जागा नव्हती. पाणी मी ओंजळीत घेऊन प्यायले, गोड होतं.

“काय बघताय, बाई?” तिने शेवटी विचारलं.

“डाग कुठून येतात ते.”

तिने पिळलेली चादर झटकली. “माज्या धुन्यात खोट न्हाई. हितनं जातीया तवा दुधावानी जातीया. तितं जाऊन काळी हुती. मग बघायचं कुटं, हितं का तितं?”

प्रश्न बिनतोड होता.

वाळवण गावाच्या वरच्या कातळावर होतं. दोरीवर का नाही, असं विचारलं तर म्हणाली, तिथे वारा लई, चादर उडून करवंदीच्या जाळीत जाते आणि फाटते. कातळ मोठा, सपाट, खराट्याने झाडून लख्ख केलेला. त्यावर चादरी पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. कातळाच्या दुसऱ्या अर्ध्यावर गावाचा हिरडा वाळत होता. हिरडा हे तिथल्या जंगलाचं पीक. उन्हाळ्यात झाडाची कोवळी हिरवी फळं तोडून आणतात, उन्हात वाळवतात, काळी पडून सुरकुतली की राजूरच्या बाजारात व्यापाऱ्याला देतात. पुढे ती औषधाला जातात. खोकला झाला की मीही हिरडा चघळते. ऊन फिरेल तसा हिरडा इकडून तिकडे सरकवतात आणि रिकाम्या झालेल्या जागी चादरी येतात. मला ती शिस्त आवडली. एवढंच वाटलं, आणखी काही नाही. डोळ्यासमोर असलेली गोष्ट दिसायला नुसते डोळे पुरत नाहीत.

वाळलेली एक चादर उन्हात धरून बघितली. पांढरीच होती. अगदी खोट काढायचीच तर किंचित पिवळसर झाक होती, नीळ थोडी कमी पडल्यासारखी. मला ती पोरगी आठवली. ओली पावलं. मी माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि चादरीच्या कोपऱ्यावर पाणी शिंपडलं. वाट बघितली. ओलं झालं, वाळलं, डाग नाही.

“झालं का समादान?” चांगुणाबाई म्हणाली.

“झालं,” मी म्हणाले. परत येताना मी मनात पुन्हा पाहुण्यांवर संशय घ्यायला लागले होते. त्यांचे शाम्पू, त्यांची तेलं, पोरांना लावतात ती क्रीमं.

शुक्रवारी सकाळी चांगुणाबाई उरलेलं गाठोडं घेऊन बंगल्यावर आली. पहाटेच हिरडा तोडायला जाऊन आली होती, तशीच इकडे. मी तिला शनिवारचं सांगून टाकलं. डाग निघाला तर काम संगमनेरला जाणार. न सांगता ठेवणं मला बरं वाटेना.

तिने गाठोडं हळूच खाली ठेवलं. “म्हंजी दिवाळीनंतर परत टेम्पोत बसायचं,” एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला चहा सुचतो.

“हात धू, चहा ठेवते.”

ती मागच्या नळावर गेली. मी पिण्याच्या जारमधलं पाणी पातेल्यात ओतत होते तेवढ्यात तिची हाक आली. आवाज वेगळाच होता.

“बाई. ह्ये बघा.”

तिचे हात बोटांपासून मनगटापर्यंत काळेनिळे झाले होते. शाईच्या दौतीत बुडवल्यासारखे. तिने साबण लावला, आणखी काळे झाले.

“तुझ्या हाताला काय लागलंय?” मी विचारलं.

“हिरड्याचा चीक. रोजच लागतोय. झऱ्यावर धुतलं तर पिवळं ऱ्हात्यात, मग जात्यात. असं कदी न्हाई झालं. तुमचं पानीच काळं हाय.”

“आमचं पाणी काळं असतं तर बादलीत दिसलं असतं.”

“मग माजं हात काळं हायेत का?”

आम्ही दोघी एकमेकींकडे चिडून बघत होतो आणि गॅसवर चहाचं पाणी उकळत होतं. जारचं पाणी. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंगल्याचा नियमच होता, चहा फक्त जारच्या पाण्याचा करायचा. बोअरच्या पाण्याचा केला तर काळपट होतो. पहिल्या आठवड्यात एका पाहुण्याने कोरा चहा तसाच परत पाठवला होता, तेव्हापासूनचा नियम. असं का होतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. चहा काळा होतो ना, मग जार आणा, संपलं. बोअरच्या पाण्यात लोह होतं, बादलीच्या तळाशी तांबूस थर धरतो तो त्याचाच. ब्लीचने चादरीवर जो तांबूस डाग उठला, तोही त्याचाच. गंज.

“तुझ्याकडे हिरडा आहे का एखादा?”

तिने ओच्यातून मूठभर काढले. मी खलबत्त्यात ठेचले आणि दोन वाट्यांत टाकले. एका वाटीत जारचं पाणी, दुसरीत नळाचं. जारचं पाणी फिकट पिवळं झालं, गवती चहासारखं. नळाच्या पाण्याची बघता बघता शाई झाली.

आम्ही दोघी खाली वाकून त्या वाट्यांकडे बघत होतो. चांगुणाबाईने बोट बुडवून बघितलं, मग माझ्या ओट्यावर एक रेघ ओढली. काळी, ठसठशीत.

“लिवता येईल की ह्यानं,” ती म्हणाली.

उलगडा असा होता. कातळावर हिरडा वाळायचा तेव्हा त्याचा चीक दगडात मुरायचा. कातळ झाडला तरी चीक जात नाही. त्या जागी ओली चादर पसरली की चीक चादरीत यायचा. डोळ्याला दिसायचा नाही, नुसती ती पिवळसर झाक. इथपर्यंत सगळं ठीक. मग ती चादर आमच्या बंगल्यात यायची, आणि कुणीतरी बोअरच्या पाण्याने आंघोळ करून ओल्या केसांनी, ओल्या पायांनी तिच्यावर पडायचं. जिथे पाणी, तिथे शाई. मी कातळावर शिंपडलं ते बाटलीतलं जारचं पाणी होतं, म्हणून तेव्हा काही झालं नाही. डायवाल्या बाईंनी केस धुतले होते, बस.

“म्हंजी चूक माजीच,” चांगुणाबाई म्हणाली.

“अर्धी. अर्धी आमच्या बोअरची. तुझ्याकडे नुसता हिरडा आहे, आमच्याकडे नुसतं लोखंड. दोन्ही मिळून शाई झाली.”

मी सरांना फोन लावला. पाच वाक्यांत सगळं सांगितलं. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, खूष होईल.

“छान,” ते म्हणाले. “आणि शनिवार?”

शनिवार दुसऱ्याच दिवशी होता. आम्ही कपाट रिकामं केलं. एकेका चादरीच्या कोपऱ्यावर नळाचं पाणी टाकत गेलो. करडी झाली ती उजवीकडे, पांढरी राहिली ती डावीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला तसतशी चांगुणाबाई गप्प होत गेली. हिरड्याचा हंगाम सुरू झाल्यापासून कातळावर वाळलेली जवळजवळ प्रत्येक चादर उजवीकडे होती.

माझं माहेर कर्जतचं, तिकडून भावाने लिंबांची गोणी पाठवली होती. लिंबाचा रस लोखंडाच्या डागावर चालतो, हे हॉस्पिटलातलं ज्ञान. चोळला तर खरंच डाग विरायला लागला. पण डाग काढला म्हणून चादरीतला चीक जात नव्हता. पुन्हा पाणी टाकलं की पुन्हा शाई. चीक जाण्यासाठी तीनचार धुणी हवी होती, आणि आमच्याकडे एक दुपार. डावीकडच्या चादरी मोजल्या. दोन खोल्या उघड्या पडत होत्या.

“राजूरला चादरी मिळतील की,” लहानू म्हणाला. तो गाठोडं न्यायला आला होता आणि दारात उभा राहून आमचा खेळ बघत होता.

मिळाल्या असत्या, फुलाफुलांच्या. सरांना पांढऱ्या, हॉटेलसारख्या हव्या होत्या. त्यातही बंगल्याचे पलंग मोठे, त्या मापाची चादर संगमनेरशिवाय नाही.

मी उजवीकडच्या ढिगाकडे बघत बसले. हॉस्पिटलात ऑपरेशनचं कापड हिरवं असतं, तिथे पांढऱ्याचा हट्ट कुणी धरत नाही. एका चादरीच्या कोपऱ्यावर मी जरा जास्तच पाणी ओतलं होतं. तो पूर्ण कोपरा सलग करडा झाला होता. जुन्या पाटीसारखा. डोळे बारीक करून बघितलं तर वाईट दिसत नव्हता.

“चांगुणाबाई,” मी म्हणाले, “डाग पाडू.”

“आँ?”

“सगळ्या चादरीला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकच डाग.”

ती माझ्याकडे बघत राहिली. शनिवारच्या काळजीने म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार. “धडधाकट चादर मुद्दाम नासवायची?”

“नासलेलीच आहे. पूर्ण नासवू.”

लहानूने गावातून पोतंभर हिरडा आणला आणि आम्ही मागच्या अंगणात चूल पेटवली. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हिरडे ठेचून उकळले, पाणी गाळलं. चादरी त्यात बुडवून, पिळून, शेजारच्या टबात टाकल्या. टबात बोअरचं पाणी. चादर टबात गेली की तिचा रंग आमच्यासमोर बदलायचा, पिवळट, मग करडा, मग गडद. लहानू काठीने ढवळत होता. पहिली चादर चट्टेरी झाली, कारण ढवळायला आम्ही उशीर केला. ती पुसायच्या फडक्यांत गेली. दुसरीपासून हात बसला. चांगुणाबाईचं तोंडही सुटलं. “चादर उलटी कर, तिकडची बाजू ऱ्हायली,” असं ती लहानूला रागवायला लागली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मग धुवायच्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत, जारच्या पाण्याने शेवटचं खळबळायचं आणि दोरीवर वाळवायच्या. कातळावर नाही. वाळल्यावर मी प्रत्येकीवर नळाचं पाणी टाकून बघितलं. जिथे टाकलं तिथे फरक दिसेना. काळ्यावर काळं काय दिसणार?

शनिवारी दोन खोल्यांत करड्या चादरी आणि नळाचं पाणी टाकून तपासलेले पांढरे अभ्रे घातले. पाहुणे आले, जेवले, फिरले, झोपले. रविवारी सकाळी परचेस मॅनेजरांच्या पत्नी नाश्त्याला आल्या आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“त्या चादरी,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम?”

“कुठून घेतल्या? असा रंग मी पुण्यात शोधतेय.”

“इथल्याच आहेत. हिरड्यात रंगवलेल्या.”

“म्हणजे नॅचरल?”

“अगदी,” मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

दुपारी सरांचा फोन. “साळवेबाई, कोणत्या चादरी आणल्यात तुम्ही? ते लोक त्यांचंच कौतुक सांगतायत.”

मी सांगितलं.

“म्हणजे तो डागच आहे.”

“हो, सर. पण पूर्ण आहे.”

सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून आधी वाटलं खोकताहेत. “संगमनेर राहू दे,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नगरहून माणूस पाठवून बोअरला लोखंड गाळणारा फिल्टर बसवला. मी त्या माणसाला सांगितलं, मागचा एक नळ फिल्टरच्या आधीच ठेवा. तो म्हणाला, तिथे घाण पाणी येईल. म्हटलं, चादरी रंगवायला आम्हाला घाणच हवंय. त्याने डोकं हलवत ठेवला. हिरड्याच्या हंगामात पांढऱ्या चादरी आता दोरीवर वाळतात, करवंदीची जाळी लहानूने तोडली. डायवाल्या बाईंनाही मी मेसेज करून सगळा प्रकार कळवला आणि माफी मागितली. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. हक्कच आहे त्यांचा.

पावसाळ्यात एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. करड्या चादरीवर पांढरा डाग पडलाय म्हणाले. मी एकदा बघितलं.

“रात्री पलंगावर लिंबू सरबत सांडलं का?”

“तुम्हाला कसं कळलं?” ते ओशाळून म्हणाले. मी नुसती चादर बदलून दिली. पण तो दिवस माझा फार चांगला गेला, हे कबूल करते.

दिवाळी झाली. नारायणगावला मजूर नेणारा टेम्पो गावात आला त्या दिवशी मी योगायोगाने चांगुणाबाईच्या दारात बसले होते. माणसं भांड्याकुंड्यांसकट चढत होती. तिच्या घरात कोपऱ्यात हिरड्याचं एक पोतं उभं होतं, व्यापाऱ्याला न दिलेलं. मुकादमाने टेम्पोतूनच हाक मारली, “चल की चांगुणे, जागा हाय.”

ती दोरीवर चादर टाकत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

“न्हाई जमायचं, दादा,” ती म्हणाली. “मला डाग पाडायचं काम लागलंय.”

टेम्पो गेला. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही ती सरळ केली.

लिनन रूममध्ये आयुष्य गेलं तरी मला हे उशिरा कळलं. चार बोटांचा डाग पडला की लोक रिव्ह्यू लिहितात. तोच डाग पूर्ण चादरभर पाडला की पत्ता विचारतात.